बिट्टोचा खोकला

माझा सगळा जन्म आवाज ऐकण्यात गेला. लखनऊला मी आले तीच मुळी गाणं शिकायला. कैसरबागेतलं भातखंडे संगीत महाविद्यालय १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालं, पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते नावारूपाला आणलं. त्यामुळे मुलीला इतक्या लांब पाठवताना आमच्या घरी कोणी फारशी का-कू केली नाही. लग्नही इथल्याच मराठी माणसाशी झालं. हे आर.डी.एस.ओ.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेत अभियंता होते. निवृत्तीनंतर मानकनगरचं क्वार्टर सोडून आम्ही अलीगंजला घर केलं. मी अजून शिकवण्या घेते. गाणारी मुलगी श्वास कुठे चोरते, स्वर नाकात जातोय की घशात अडकतोय, हे मला तिच्याकडे न बघताही कळतं.

हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की आमच्या बिट्टोच्या बाबतीत मला ऐकू येत नव्हतं असं नाही. सगळं ऐकू येत होतं. मी त्याचा अर्थ चुकीचा लावत गेले. एक चूक कळली की तिच्यातून शिकलेला धडा पुढच्या वेळी गैरलागू ठरायचा, आणि मी तोच धरून बसायचे. आज गल्लीत छोटी कुत्री घेऊन फिरणारी माणसं भेटतात, ‘काही नाही, ही जातच अशी आवाज काढते’ म्हणतात, तेव्हा मला माझीच वाक्यं ऐकू येतात. म्हणून हे लिहायला बसले.

बिट्टो पांढरीशुभ्र, झुपकेदार शेपटीची, कोल्ह्यासारख्या तोंडाची. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना तिला आमच्या हवाली करून गेली. नाव ठेवलं आमच्याकडे कामाला येणाऱ्या दीदींनी. सगळे तिला पॉमेरेनियन म्हणत, मीही म्हणायचे. खरं तर ती इंडियन स्पिट्झ. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. आपल्याकडे घरोघर ‘पॉमेरेनियन’ म्हणून जी कुत्री वाढली, ती बहुतेक सगळी हीच.

ती दीडेक वर्षाची असेल. संध्याकाळी दारावरची बेल वाजली, ती नेहमीसारखी भुंकत धावली आणि मध्येच थबकली. मान पुढे ताणलेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फाकलेली, डोळे वटारलेले, ओठ मागे ओढलेले. नाकातून फर्र, फर्र, फर्र असा हवा जोरजोरात आत खेचल्याचा आवाज. शेजारच्या भाभी दारातच उभ्या होत्या. त्या ओरडल्या, “अरे, हड्डी फँस गई है हलक़ में!” मला दुसरं काही सुचलंच नाही. मी तिचा जबडा फाकवून दोन बोटं घशात घातली. ती घाबरून चावली, माझ्या बोटातून रक्त आलं, ती आणखी घुसमटली. ह्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, रिक्षा थांबवली. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत बिट्टो शेपटी हलवत रस्त्यावरच्या गाईवर भुंकत होती.

डॉक्टरांनी माझ्याकडून आवाजाची नक्कल करून घेतली. मी ती अचूक केली. ते म्हणाले, “ही उलटी शिंक.” आपली शिंक हवा बाहेर फेकते, ही आत ओढते. नाकाच्या मागे, टाळूच्या मऊ भागाच्या वर काही टोचलं, धूळ गेली, अत्तराचा वास गेला, पट्ट्याला हिसका बसला, नाहीतर नुसता अतिआनंद झाला, तरी लहान कुत्र्यांना अशी उबळ येते. बहुतेकदा मिनिटाच्या आत थांबते. त्या वेळी तोंडात बोट घालायचं नाही. शांतपणे जवळ घ्यायचं, गळ्यावरून हलका हात फिरवायचा. एकदा आवंढा गिळला की उबळ मोडते. मात्र अशा उबळी रोज आणि वाढत्या येऊ लागल्या, एकाच नाकपुडीतून शेंबूड किंवा रक्त आलं, तर नाकात कुसळ अडकलंय का, दाताचं मूळ सडलंय का, हे तपासायला आणा, असंही त्यांनी बजावलं.

मी मात्र त्यातला निम्माच भाग घरी आणला. ‘काळजी करू नका’ एवढाच.

पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली. एका दिवाळीत आम्ही पुण्याला मुलीकडे गेलो आणि बिट्टोला कुत्री सांभाळणाऱ्या एका घरी ठेवलं. परत आणली ती कोरडा, ठणठणीत खोकला घेऊनच. खोकून खोकून शेवटी उमासा यायचा आणि पांढरा फेस पडायचा. डॉक्टर म्हणाले, हा केनेल कफ. अनेक कुत्री एकत्र राहिली की एकमेकांना लागतो. बोर्डेटेला नावाचा जंतू आणि सोबत एखादा विषाणू असतो. त्यावर लस मिळते, ती मी बिट्टोला टोचून घेतली नव्हती. दोन आठवड्यांत ती खडखडीत बरी झाली. गोळ्या थोड्या उरल्या, त्या मी डबीत जपून ठेवल्या.

त्या उरलेल्या गोळ्यांपासून माझी दुसरी आणि लांबलेली चूक सुरू झाली. वर्षभराने ती पुन्हा खोकायला लागली तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलेच नाही. मला आजार माहीत होता, औषध घरात होतं. मी डबीतल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. फरक पडेना, तेव्हा पित्त झालं असेल म्हणून एक दिवस उपाशी ठेवून दहीभात दिला, कारण खोकल्याच्या शेवटी फेस पडत होता आणि मला ती उलटी वाटत होती. मग मधातून सितोपलादी, आडुळशाचा काढा. शेवटी घरातलं लहान मुलांचं खोकल्याचं सिरप. सिरपने खोकला कमी झाला. मला केवढं समाधान वाटलं! तिला गुंगी येऊन ती दिवसभर पडून राहत होती, म्हणून खोकत नव्हती.

माणसांच्या खोकल्याच्या औषधांबद्दल इथेच सांगून टाकते. अनेक सिरपांत पॅरासिटामॉल असतं, ते कुत्र्याच्या यकृतावर घाला घालू शकतं. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या काही औषधांत झायलिटॉल असतं. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने धाडकन उतरते. काहींमध्ये नाक मोकळं करणारं जे द्रव्य असतं, ते त्याच्या हृदयाला झेपत नाही. माझ्या बाटलीत यातलं काही नव्हतं हा निव्वळ योगायोग. मी लेबल वाचलंच नव्हतं.

आणि आवाज? तो केनेल कफचा नव्हताच. आता विचार करते तेव्हा दोन्ही अगदी वेगळे ऐकू येतात. आधीचा कोरडा, पण भरीव होता. हा पत्र्यासारखा, चिरका, एकामागून एक ‘हाँक, हाँक’ करत येणारा. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘गूज हाँक’, म्हणजे राजहंसाचं ओरडणं म्हणतात. आधीचा रात्रंदिवस यायचा. हा नेमक्या वेळी यायचा. मुलगी आली की आनंदाने. पाणी प्यायल्यावर. फिरायला निघताना पट्टा ताणला की हमखास. सकाळी मी रियाजाला बसले की तर ठरलेलाच. ती तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकून बसायची, आणि मी धूप लावायचे. धूर तिच्या नाकाच्या उंचीवर तरंगत असायचा. संध्याकाळी डासांसाठी कॉइल. नोव्हेंबरपासून लखनऊची हवा अशी जड होते की दुपारीसुद्धा गोमतीचा पलीकडचा काठ धुरकट दिसतो. खोकला कधी येतो याची साधी नोंद मी एका आठवड्यापुरती केली असती तरी उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं दिसलं असतं. विद्यार्थिनींच्या प्रत्येक तानेचं टिपण ठेवणाऱ्या मला हे करावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांकडे अखेर गेले ती पाऊस पडून गेल्यावरच्या एका उकाड्याच्या दिवशी, जेव्हा खोकताना तिची जीभ जांभळट झालेली दिसली. त्यांनी तिचा गळा दोन बोटांत हलकासा दाबला, आणि तोच चिरका खोकला तिथल्या तिथे उमटला. मग मान आणि छातीचा एक्स-रे काढला.

कुत्र्याची श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांची असते. ही कडी पूर्ण गोल नसतात, पाठीच्या बाजूला उघडी असतात आणि ती फट एका पातळ पडद्याने बांधलेली असते. लहान जातींमध्ये, म्हणजे पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, चिवावा, पूडल अशांमध्ये, ही कडी हळूहळू मऊ पडून पसरट होतात आणि वरचा पडदा ढिला पडून आत लोंबतो. कागदी स्ट्रॉने शहाळ्याचं पाणी जोरात ओढलं की भिजलेली नळी आतल्या आत चिकटते, तसंच हे. हवा जितक्या जोरात ओढावी तितकी नळी बसते, नळीच्या भिंती एकमेकींना घासतात, त्या घासण्याने खोकला येतो आणि खोकल्याने भिंती आणखी सुजतात. पाव भाग बंद झाला तर पहिली पायरी, निम्मा म्हणजे दुसरी, पाऊण म्हणजे तिसरी, आणि जवळजवळ पूर्ण बंद म्हणजे चौथी. मानेतली नळी श्वास आत घेताना बसते, छातीतली श्वास सोडताना आणि खोकताना. त्यामुळे आवाज श्वासाच्या कोणत्या अर्ध्यात येतो याकडे डॉक्टर बारकाईने लक्ष देतात. आणि हे एका क्षणी घडणारं असल्यामुळे साध्या एक्स-रेमध्ये कधी कधी नळी अगदी धडधाकट दिसते. बिट्टोची दिसली नाही. ती दुसऱ्या पायरीच्या पुढे गेली होती.

त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट त्यांच्या वजनकाट्यावर दिसली. सात किलोच्या आत असायला हवी होती ती नऊच्या वर गेली होती. हिवाळ्यात चौकातल्या गोल दरवाज्याशी पहाटे निमिष मिळतं, दुधाचा केशर घातलेला फेस. हे ते हौसेने आणायचे आणि द्रोणाच्या तळाशी उरलेलं बिट्टोचं ठरलेलं असायचं. शिवाय बिस्किटं, तुपाचा हात लावलेली पोळी, शिकवणीला येणाऱ्या मुलींच्या डब्यातलं काहीबाही. गळ्याभोवती आणि छातीवर साचलेली चरबी आधीच मऊ पडलेल्या नळीवर दाब देत होती. डॉक्टर म्हणाले, “औषध मी देतो, पण निम्मं औषध तुमच्या हातात आहे.” वजन उतरवणं, गळ्यातला पट्टा काढून छातीला बसणारा हार्नेस घालणं, धूप-उदबत्ती-कॉइल बंद, उन्हाळ्यात फिरणं सूर्य उगवायच्या आत.

मी ते सगळं केलं. निमिष बंद झालं, बिस्किटांच्या जागी काकडी आणि उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी आल्या. धुपाशिवायही सूर लागतो. खोकला दाबणारं आणि फुप्फुसांतल्या श्वासवाहिन्या रुंदावणारं अशी दोन औषधं सुरू झाली. पाच-सहा महिन्यांत तिचं वजन साडेसातावर आलं आणि खोकला इतका कमी झाला की पाहुण्यांना ती आजारी आहे हे सांगावं लागे.

आमच्या समोरच्या घरात एक पग होता. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत छोट्या मुलामागे धावणारा पग आला आणि शहराशहरांत लोकांनी ही कुत्री घेतली; उत्तर भारताचा उन्हाळा तिला सोसेल का, याचा विचार फार थोड्यांनी केला. तो पग जागेपणीसुद्धा घोरायचा. आम्ही सगळे कौतुकाने ऐकायचो. खरं तर चपट्या तोंडाच्या कुत्र्याच्या नाकपुड्या चिरेइतक्या बारीक असतात आणि टाळूचा मऊ पडदा लांबून श्वासाच्या वाटेवर पडलेला असतो. ते घोरणं म्हणजे त्याची श्वासासाठी चाललेली ओढाताण. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. ज्याला धड धापही टाकता येत नाही, ते मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत काय करणार? त्या घरातल्यांना मी हे सांगितलं ते बिट्टोच्या आजारानंतर. त्यांनी नाकपुड्या मोठ्या करून घेण्याची लहानशी शस्त्रक्रिया करवली, आणि तो पग पहिल्यांदा तोंड मिटून झोपला.

आता तिसरी चूक. ती लिहायला मला सगळ्यात जड जातं.

बिट्टो नऊ वर्षांची झाली तेव्हा नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तिच्या छातीच्या डाव्या बाजूला बराच वेळ ठेवला. हृदयातून हलका सूंऽ आवाज येतोय, म्हणाले. मग नळ्या माझ्या कानांना लावून दिल्या. मला तो सूं ऐकू आला, पण माझं लक्ष वेधलं दुसऱ्याच गोष्टीने. ठोके एका लयीत नव्हते. भरभर चार पडायचे, मग रेंगाळायचे, पुन्हा भरभर. मी घाबरून विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याची काळजी नको. कुत्रा श्वास घेतो तेव्हा हृदय जरा धावतं, सोडतो तेव्हा मंदावतं. निरोगी कुत्र्याची लय अशीच श्वासाबरोबर हलते. काळजी करायची ती त्या सूं आवाजाची. लहान जातींत वय वाढलं की हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, मायट्रल व्हॉल्व्ह, जाड होऊन गळू लागते. आज काही त्रास नाही, पण सहा महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायला या.

मी गेले नाही. तो उन्हाळा फार कडक होता, तिला बाहेर काढवत नव्हतं, हे एक कारण. खरं कारण असं की मला तिचा आजार माहीत झाला होता. श्वासनलिका. त्यावर औषध चालू होतं, पथ्य चालू होतं, मी सगळं नीट करत होते. हिवाळ्यात खोकला पुन्हा वाढला तेव्हा मी तो धुक्यावर ढकलला. तो आता रात्री, झोपेतून उठवून येत होता. आधी येत होता तो उत्साहात, दिवसा. आवाजातली धारही गेली होती, ओलसर आणि दबका झाला होता. हा फरक मला ऐकू आला होता. मी ह्यांना म्हणालेसुद्धा, “अहो, आवाज बदललाय हिचा.” हे म्हणाले, “थंडी आहे.” आणि मीही मान डोलावली.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती माझ्या मांडीवर पडली होती. डाव्या कोपराच्या मागे माझा तळहात तिच्या छातीवर होता. ठोके लागत होते, एकसारखे, जलद, न हलणारे, जणू कोणी द्रुत तीनतालाचा ठेका धरलाय. आधीची ती ओढाताण नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी ह्यांना हाक मारून त्यांचा हात तिथे ठेवला. “बघा, आता कसं छान एका लयीत चाललंय.”

माझ्या सगळ्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी. जन्मभर लय सांभाळलेल्या माझ्या हाताने तिच्या हृदयाचं दिवाळं चांगलं लक्षण म्हणून नोंदवलं. हृदय स्वस्थ असतं तोवर एक मज्जातंतू श्वासागणिक त्याचा लगाम सैल-घट्ट करत राहतो, म्हणून लय हलते. हृदय थकू लागलं की शरीर घाबरतं, तो लगाम सोडतं आणि हृदयाला पळवत सुटतं. मग ठोके जलद आणि सपाट होतात. ज्या कुत्र्याचा खोकला निव्वळ श्वासनलिकेचा आहे, त्याची लय बहुधा हलती राहते. ती थांबली आणि वेग वाढला, तर हृदयाकडे बघायला हवं. डॉक्टरांनी मला हे अर्धं आधीच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं मी विचारलं नव्हतं.

दोन रात्रींनंतर ती झोपेना. आडवी झाली की उठून बसायची. कोपरं फाकवून, मान पुढे काढून, टक लावून समोर बघत. खोकला जवळजवळ थांबला होता, म्हणून मला पहाटेपर्यंत वाटत राहिलं की आराम पडतोय. ह्यांनी टेबलावरचं घड्याळ आणलं आणि तिच्या पोटाचं वरखाली होणं मोजलं. मिनिटाला छप्पन्न. बाहेर जानेवारीचं धुकं असं होतं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. ड्रायव्हरने अलीगंजपासून दवाखान्यापर्यंत गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली. तिथे तिला प्राणवायू लावला, पाणी उतरवणारं इंजेक्शन दिलं, आणि ती जरा सावरल्यावर एक्स-रे काढला. फुप्फुसांत पाणी साचलं होतं. हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगून त्याने डाव्या श्वासवाहिनीला खालून दाबलं होतं. रात्रीचा तो दबका खोकला तिथून येत होता. श्वासनलिकेचं दुखणंही होतंच. एकाच लहानशा देहात दोन्ही होती, आणि पहिल्याचं नाव मला ठाऊक असल्यामुळे दुसरं मला दिसलं नाही.

प्रकृती जरा स्थिरावल्यावर हृदयाची सोनोग्राफी करायला आम्ही तिला बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेत घेऊन गेलो. लखनऊहून अडीचशेएक किलोमीटर. ही संस्था मुळात १८८९ साली पुण्यात एक लहान प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि काही वर्षांतच कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली, असं ह्यांनी वाटेत सांगितलं. मुलगी फोनवर होती, तिलाही ते ऐकून धीर आला, का कोण जाणे. पडद्यावर झडप दिसली. दोन्ही पाकळ्या जाड, कडा गुंडाळलेल्या, आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताचा झोत मागे उसळत होता.

तिथेच मला कळलं की मी काय गमावलं. झडप गळते आहे, हृदय वाढलंय, पण अजून पाणी साचलेलं नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडन नावाचं औषध सुरू केलं तर पुढचा बिकट टप्पा सरासरी पंधरा महिने लांबतो. ३६० कुत्र्यांवर, अनेक देशांत मिळून झालेल्या अभ्यासाने २०१६ साली हे दाखवून दिलं. तो टप्पा लक्षणांवरून ओळखता येत नाही; कुत्रं खातं, खेळतं, धावतं. तो एक्स-रे किंवा सोनोग्राफीतच दिसतो. सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले होते ते त्यासाठी.

त्यानंतर बिट्टो सव्वा वर्ष जगली. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या, लघवीसाठी रात्रीतून दोनदा अंगणात नेणं, पाण्याची वाटी कायम भरलेली. रोज ती झोपली की मी तिचे श्वास मोजून वहीत लिहायचे. दोनदा आकडा पस्तिशीच्या वर गेला, दोन्ही वेळा आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, औषधाची मात्रा बदलली आणि रात्री-अपरात्री धावण्याची वेळ आली नाही. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ती घरीच गेली.

ज्यांच्या घरी छोटं कुत्रं आहे त्यांना माझं सांगणं आहे. ते आवाज काढेल तेव्हा आधी मोबाइल उघडा आणि चित्रफीत घ्या, पंखा आणि टीव्ही बंद करून, नाकापासून पोटापर्यंत सगळं दिसेल अशी. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रं बहुतेकदा आपणहून खोकत नाही, आणि माझ्यासारखी नक्कल सगळ्यांना जमत नाही. आवाज हवा आत घेताना येतो की बाहेर सोडताना, उत्साहात येतो की झोपेत, पाण्यावर येतो की पट्ट्यावर, हे लिहून ठेवा. खोकल्याचा आवाज किंवा त्याची वेळ बदलली, तर आजार जुना आहे म्हणून थांबू नका, पुन्हा जा. जीभ जांभळी पडली, कुत्रं आडवं होईना, कोपरं फाकवून बसलं, मूर्च्छा आली, तर सकाळची वाट बघू नका.

आणि आज रात्री ते गाढ झोपलं की घड्याळ घेऊन शेजारी बसा. पोट एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा, मग मोजा. असं काही रात्री करा, म्हणजे तुमच्या कुत्र्याचा स्वतःचा आकडा तुम्हाला कळेल. निरोगी कुत्र्याचा तो तिसाच्या आत असतो, पुष्कळांचा विशीच्या आसपास. तो तिसाच्या वर जाऊन तिथेच राहू लागला, तर खोकला असो वा नसो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा.